बुजवलेली भेग

पावसाची मोठी झड येऊन गेली की खाणीच्या मातीच्या ढिगावर चढून पाहणी करणे हा माझ्या कामाचा भाग होता. अशाच एका पाहणीत माथ्यावर, कडेपासून आठ-दहा पावले आत, एक भेग दिसली. बोट जेमतेम आत जाईल इतकीच ती रुंद होती; पण तिची रेषा कडेला धरून हलकेच वळत गेली होती आणि दोन्ही टोके कडेकडे झुकलेली होती. चिखल उन्हाने तडकतो तेव्हाच्या भेगांची जाळी होते, त्या कुठूनही कुठेही जातात. ही मात्र एकटी होती आणि तिला दिशा होती. वाकून पाहिले तेव्हा कडेकडची बाजू नखाच्या जाडीइतकी खाली बसलेली दिसली. आतून ओल्या शेलचा, म्हणजे पातळ थरांच्या मातकट खडकाचा, गंधकाची किंचित झाक असलेला वास येत होता, आणि मधूनच एखादा खडा सुटून आत पडला की त्याचा आवाज अपेक्षेपेक्षा जरा उशिरा ऐकू येत होता. मी भेगेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या ठोकल्या, त्यांच्या डोक्यांमधले अंतर मोजून वहीत लिहिले, खुंट्यांना लाल रंग फासला आणि खाली येऊन रीतसर कळवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वर गेलो तर भेग नव्हती. त्या जागी डोझरच्या चेनचे ताजे ठसे होते, एक खुंटी वाकून अर्धी मातीत गेली होती आणि दुसरी शोधूनही सापडली नाही. तिथल्या जुन्या ऑपरेटरला विचारले तर ते शांतपणे म्हणाले, “साहेब, उघडी ठेवली असती तर रात्रीचं सगळं पाणी आत गेलं असतं. माती भरून वरून दाबून घेतली. आता पाणी बाहेरच्या बाहेर जाईल.”

त्यांचे म्हणणे खरे होते, आणि म्हणूनच ते इतकी वर्षे माझ्या मनातून जात नाही. भेगेत पाच मीटर उंचीचे पाणी उभे राहिले तर भेगेच्या प्रत्येक मीटर लांबीमागे साडेबारा टनांचा आडवा रेटा तयार होतो. या रेट्याला भेगेच्या रुंदीशी काही देणेघेणे नसते. बोटभर भेग असो की हातभर, पाण्याची उंची सारखी असेल तर दाब सारखाच. म्हणजे एखादी नाजूक फट भरायला दोन-चार पिंपे पाणी पुरते आणि तेवढेच पाणी हजारो टन मातीला पुढे ढकलू लागते. म्हणून भेगेवर चिकणमाती दाबावी, माथ्याला मागच्या बाजूला हलका उतार द्यावा आणि पाणी कडेवरून न सोडता आतल्या चरात वळवावे, हे कोणीही जाणकार सांगेल. पण भेग रोज किती रुंदावते, तिची एक बाजू किती खाली बसते, हा वेग वाढतो आहे की मंदावतो आहे, यावरूनच ढिगाच्या पोटात काय चालले आहे ते कळते. ती मोजण्याआधी बुजली की पाणी थांबते, पण बातमीही थांबते. मोजून, खुणा भेगेपासून पुरेशा दूर हलवून, मग बुजवली असती तर दोन्ही साधले असते. त्याला जेमतेम अर्धा दिवस लागला असता. तो अर्धा दिवस कोणाच्याच कामात बसत नव्हता: ऑपरेटरचे काम पाणी अडवण्याचे होते, माझे मोजण्याचे, आणि या दोन कामांना एकत्र बांधणारा माणूस त्या रचनेत नव्हता.

उतार उभा कसा राहतो हे सुपातून ओतलेल्या धान्याच्या राशीकडे पाहून कळते. वरून आणखी ओतत राहिलो तरी रास एका ठरावीक कोनापेक्षा चढी होत नाही. जास्तीचे दाणे घरंगळून पायथ्याशी जातात आणि रास रुंदावते. डंपरमधून ओतलेला फुटका खडक आणि माती साधारण ३५ ते ३७ अंशांवर अशीच स्थिरावते. हा कोन पाहून ढीग निश्चिंत उभा आहे असे वाटते, पण तो जेमतेम उभा असतो. घसरू पाहणारे वजन आणि त्याला धरून ठेवणारे घर्षण यांची तिथे जवळजवळ बरोबरी झालेली असते. म्हणून भारतातल्या कोळसा खाणींच्या २०१७ च्या नियमावलीत ढिगाचा उतार ३७.५ अंशांपेक्षा अधिक नसावा, ढीग ३० मीटरपेक्षा उंच झाला की त्याला पायऱ्या काढाव्यात आणि एकूण उतार एकास दीड (एक उभा, दीड आडवा) यापेक्षा चढा होऊ देऊ नये असे सांगितले आहे. पायऱ्या काढल्या की तोच ढीग पसरट बसतो, जास्त जमीन खातो, डंपरला लांबचा फेरा पडतो. आणि नेमके या तीन कारणांसाठीच पायऱ्या काढायचे लांबणीवर पडत जाते.

घर्षण तरी किती भरवशाचे? कार्ल टर्झाघी यांनी १९२० च्या दशकात मातीच्या शास्त्राचा पाया ज्या कल्पनेवर रचला ती कल्पना साधी आहे. मातीचे कण एकमेकांवर जितके दाबून बसतात तितके ते एकमेकांना धरतात; पण कणांमधल्या पोकळीत पाणी भरले आणि त्यावर दाब आला की वजनाचा काही वाटा पाणी पेलू लागते, आणि पाण्याला तर धरून ठेवता येत नाही. बाहेरून ढिगात काहीही बदललेले दिसत नाही. उंची तीच, कोन तोच, वजन थोडे वाढलेलेच. आणि तरी आतली पकड सैल झालेली असते. म्हणून ढिगाच्या पोटात सोडलेली पिझोमीटरची, म्हणजे आतल्या पाण्याची पातळी मोजण्याची, नळी मला उताराच्या कोणत्याही छायाचित्रापेक्षा अधिक बोलकी वाटते. नळीत पट्टी सोडायची, पाण्याला टेकली की होणारा बारीक आवाज ऐकायचा, आकडा लिहायचा. या कामात कौतुक करण्यासारखे काही नाही, पण ते न चुकता करणारा माणूस ज्या खाणीत असतो त्या खाणीत मला खाली उतरायला भीती वाटली नाही.

खाणीच्या भिंतीचा प्रश्न ढिगाहून वेगळा आहे, कारण तिथे खडक मूळचा आणि अखंड असतो. अखंड म्हणायचे ते डोळ्यांना दिसते म्हणून. प्रत्यक्षात त्याला सांधे असतात, जुने भ्रंश, म्हणजे खडक तुटून सरकल्याच्या रेषा, असतात, दोन कठीण थरांमध्ये साबणासारखी गुळगुळीत चिकणमाती असते, आणि हे थर खड्ड्याकडे कललेले असले तर सगळी भिंत त्या एका पातळ थरावर टेकून बसलेली असते. भिंत किती चढी ठेवायची याचा निर्णय एकाच वेळी भूशास्त्राचा आणि पैशाचा असतो. ३०० मीटर खोल खाणीची एक किलोमीटर लांबीची भिंत ४० ऐवजी ४१ अंशांत उभी ठेवली तर त्या एका अंशामुळे सुमारे १८ लाख घनमीटर, म्हणजे ४५ लाख टनांच्या आसपास खडक उचलावाच लागत नाही. तेवढे डिझेल वाचते, तेवढे टायर वाचतात, खनिज लवकर हाती येते. त्यामुळे प्रत्येक बैठकीत कोणीतरी विचारतोच की आणखी एक अंश निघेल का. विचारणारा वाईट माणूस नसतो. पण तो अंश काढून घेतला जातो तो भिंतीच्या पायथ्याशी काम करणाऱ्यांच्या खात्यातून, आणि ते त्या बैठकीत बसलेले नसतात.

कडा कोसळण्याआधी सांगून कोसळतो.

या वाक्यावर माझा विश्वास बसला तो अमेरिकेतील युटा राज्यातल्या बिंगहॅम कॅनियन या तांब्याच्या खाणीची हकीकत अभ्यासल्यावर. १९०६ पासून खोदल्या जाणाऱ्या त्या अजस्र खड्ड्याची ईशान्येकडची भिंत १० एप्रिल २०१३ च्या रात्री दोन टप्प्यांत, सुमारे दीड तासाच्या अंतराने कोसळली. साडेसहा कोटी घनमीटरच्या आसपास खडक तळाशी आला, आणि त्या हादऱ्यांपाठोपाठ छोटे छोटे भूकंप झाल्याची नोंद भूकंपमापकांवर झाली. त्या रात्री एकही माणूस दगावला नाही, एकालाही इजा झाली नाही. भिंत सरकते आहे हे प्रिझम (मोजणीचा किरण परत फिरवणारी, भिंतीवर बसवलेली भिंगे) आणि रडार कित्येक महिने सांगत होते, तो वेग वाढत गेला, आणि घसरणीच्या काही तास आधी खड्डा रिकामा करण्यात आला होता. उतारावर रोखलेले रडार मिलिमीटरच्याही अंशातली हालचाल टिपते. अशा नोंदींवरून वेळ काढण्याची एक पद्धत जपानी संशोधक फुकुझोनो यांनी १९८५ मध्ये मांडली. सरकण्याचा वेग आलेखावर मांडण्याऐवजी त्याचा व्यस्त मांडायचा, म्हणजे एक भागिले वेग. वेग वाढत जातो तशी ही रेषा खाली खाली उतरत जाते, आणि ती शून्याला जिथे टेकेल असे दिसते त्या वेळेच्या आसपास उतार सुटतो. या आलेखाजवळ बसणे ही मोठी विलक्षण गोष्ट आहे. समोर काचेपलीकडे भिंत उभी असते, उन्हात तिचे थर तांबूस-करडे दिसत असतात, पक्षी तिच्या कपारीत ये-जा करत असतात, आणि कागदावरची रेषा मात्र एकेक ठिपक्याने खाली येत असते. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की रेषेवर, हे ज्याला पटकन ठरवता येते आणि ठरवल्यावर काम थांबवण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो, त्याच्यामुळे माणसे वाचतात. बिंगहॅममध्येही मलबा अंदाजापेक्षा लांबवर पसरला आणि सुरक्षित समजून उभी केलेली अवजड यंत्रे त्यात सापडली. यंत्रे गेली त्याचे दुःख कोणी फार केले नाही.

त्याच्या नेमके उलटे चित्र २९ डिसेंबर २०१६ च्या रात्री झारखंडमधील ललमटियाच्या राजमहल खाणीत दिसले. सुमारे ३०० मीटर लांबीचा आणि ११० मीटर रुंदीचा भाग जवळजवळ ३५ मीटर खाली खचला आणि तळाशी चाललेल्या पाळीतले २३ कामगार गेले. त्याहून अर्धशतक आधी, २१ ऑक्टोबर १९६६ रोजी, वेल्समधल्या अॅबरफॅन गावावर कोळशाच्या खाणीचा टाकाऊ ढीग उतरला. सकाळी सव्वानऊची वेळ होती, शाळा नुकतीच भरली होती. १४४ जण गेले आणि त्यांत ११६ मुले होती. तो सातव्या क्रमांकाचा ढीग झऱ्यांवर रचलेला होता. ते झरे नकाशावर होते, गावाला माहीत होते, स्थानिक परिषदेने शाळेमागच्या धोक्याबद्दल पत्रेही लिहिली होती. त्या सकाळी वर कामाला गेलेल्या माणसांना माथा सुमारे तीन मीटर खचलेला दिसला होता. म्हणजे ढिगाने सांगायचे होते ते सांगितले होते. त्यानंतर ब्रिटनमध्ये १९६९ साली खाणींच्या ढिगांसाठी वेगळा कायदा आला. त्याआधी ढिगांच्या स्थिरतेसाठी कायद्यात वेगळी तरतूद नव्हती. कोळसा निघाला की उरलेल्याकडे फारसे कोणी पाहत नव्हते. मी त्या मुलांचा विचार करतो तेव्हा मला त्या झऱ्यांचाही विचार येतो. त्यांनी काही वेगळे केले नव्हते. ते नेहमीसारखेच वाहत होते.

ढिगाखाली काय आहे याला इतके महत्त्व आहे, आणि तरीही ढीग रचायला सुरुवात करताना खालच्या जमिनीकडे फारसे कोणी पाहत नाही. तिथे वरचा थर काळ्या, फुगणाऱ्या मातीचा असेल, त्यात गवताची मुळे आणि पालापाचोळा असेल, आणि तो तसाच ठेवून त्यावर खडक ओतला, तर वरच्या वजनाने आणि ओलाव्याने तो थर मऊ होतो आणि सगळा ढीग त्याच्यावरून पायथ्याशी सरकू लागतो. ढिगाचा उतार कितीही जपला तरी पाया घसरला की उपयोग नसतो. म्हणून ढीग रचण्याआधी ती माती खरवडून काढावी लागते. आता हीच माती पुढे जमीन पुन्हा उभी करताना सर्वांत मोलाची ठरते. फुटक्या शेलवर आणि वाळूच्या दगडावर रोप लावले तर ते जगत नाही. त्यावर पसरायला वरच्या थराची जिवंत माती लागते, आणि ती नंतर कुठूनही पुरेशी मिळत नाही. एकाच डोझरच्या एकाच फेरीत ढिगाचा पाया घट्ट होतो आणि उद्याच्या गवताची सोय होते. माझ्या अनुभवात मात्र हे काम कोणाच्याही यादीत वर नसते, कारण उताराची चिंता करणारे आणि झाडांची चिंता करणारे वेगवेगळ्या खोल्यांत बसतात आणि वेगवेगळ्या वर्षांत कामाला येतात. उतारवाले सुरुवातीला, झाडवाले शेवटी. मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे की ही दोन कामे नाहीत. दोन्हीकडे एकच पाणी सांभाळायचे असते आणि एकच माती.

काढलेली माती नुसती साठवून ठेवणेही पुरत नाही. ती उंच ढीग करून ठेवली तर काही महिन्यांतच आतला भाग गुदमरतो. एकदा अशा जुन्या ढिगाचा काप पाहिला होता. वरचा हातभर थर तपकिरी, भुसभुशीत, मुळांनी विणलेला. त्याखाली रंग निळसर करडा होत गेलेला आणि नाकाला कुजकट वास. गांडुळे फक्त वरच्या थरात होती. मुळांना जोडून जगणारी बुरशी, बिया, हवेवर जगणारे सूक्ष्म जीव, हे सगळे खाली कमी कमी होत जाते, आणि मग आपण जमिनीवर पसरतो ती माती रासायनिक तपासणीत उत्तीर्ण होते पण जमिनीला लागत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातील बॉक्साइटच्या खाणींमध्ये यावर फार नेटके उत्तर सापडले. नव्या खड्ड्यावरची माती साठवून न ठेवता थेट जुन्या खड्ड्यावर नेऊन पसरायची, म्हणजे जंगलाच्या बिया तिच्यासोबत जिवंत जातात. त्या जंगलातल्या काही बिया तर धूर लागल्याशिवाय रुजत नाहीत. वणव्यानंतर उगवायची त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. धुरातला नेमका कोणता पदार्थ त्यांना जागे करतो हे २००४ मध्ये ओळखले गेले, आणि धुराचे पाणी शिंपडून बिया रुजवता येऊ लागल्या. उजाड लाल जमिनीवर माणसे धुराचा वास असलेले पाणी शिंपडत आहेत, हे दृश्य मी प्रत्यक्ष पाहिलेले नाही, पण त्याची कल्पना केली की या विषयावरचा माझा विश्वास परत येतो.

आणि तरीही हिरव्या ढिगाकडे पाहताना माझे मन एकसारखे राहत नाही. ज्या ढिगावरची ती भेग बुजवली गेली तो ढीग कोसळला नाही. पुढे त्याचे उतार सौम्य करण्यात आले, काथ्याच्या जाळ्या अंथरून गवताचे बी टाकण्यात आले आणि एका पावसाळ्यात तो पायथ्यापासून माथ्यापर्यंत हिरवा झाला. पाहणाऱ्याला आनंद व्हावा असेच ते दृश्य होते आणि मलाही आनंद झाला. गवत खरोखरच मोठे काम करते. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटतो तेव्हा तो कण उडवतो, ओहळ पाडतो, ओहळांच्या घळी होतात. गवत त्या थेंबाचा जोर पात्यांवरच मोडते. वाळ्यासारखे गवत तर तीन मीटरपर्यंत मुळे खाली नेते आणि वरचा थर विणून धरते. पण खोल घसरण होते ती वीस-तीस मीटर खाली, आणि तिथे मुळे पोहोचत नाहीत. वरचे गवत त्या घसरणीबरोबर उभ्याउभ्या खाली येते. इतकेच नव्हे, दाट गवत वाढले की माथ्यावरची बारीक भेग दिसेनाशी होते, आणि चालताना पायाला लागली तरच सापडते. हिरवळीच्या छायाचित्राने उताराबद्दल काहीही सिद्ध होत नाही, हे मला त्या आनंदाच्या दिवसांतही विसरता आले नाही. तो आनंद खोटा नव्हता आणि ही शंकाही खोटी नव्हती.

घट्टपणा आणि भुसभुशीतपणा यांचे भांडणही असेच आहे. उतारासाठी माती दाबलेली हवी, मुळांसाठी मोकळी हवी. अमेरिकेत १९७७ च्या कायद्याने खाणमालकांवर जमिनीला जवळजवळ मूळचा आकार परत देण्याचे बंधन घातले. उतार घसरू नयेत म्हणून अॅपलेशियन पर्वतरांगांत यंत्रांनी फेऱ्यांवर फेऱ्या मारून माती इतकी दाबली गेली की पाणी तिच्यात मुरेना आणि झाडे वाढेनात. जिथे पूर्वी घनदाट अरण्य होते तिथे वर्षानुवर्षे नुसते खुरटे गवताळ माळ राहिले. कायदा पाळला गेला होता, उतार सुरक्षित होते, आणि जंगल परतत नव्हते. २००४ मध्ये तिथल्या वनीकरणासाठी स्वतंत्र उपक्रम सुरू झाला आणि त्यातून निघालेली रीत सोपी होती. खाली भराव घट्ट ठेवा, पण वरचा सव्वा मीटर जाडीचा थर सैल टाका, त्याच्यावरून यंत्र फिरवू नका, तो ओबडधोबड दिसला तरी चालेल. तो ओबडधोबडपणा स्वीकारणे हीच खरी अडचण होती. गुळगुळीत सारवलेला उतार हिशेबाच्या वहीत काम पूर्ण झाल्यासारखा दिसतो. खाचखळग्यांत पाणी थांबते, पाने साचतात, बी अडकते, सावली मिळते. हे सगळे दिसायला मात्र पाच-सात वर्षे थांबावे लागते.

आकाराबद्दलही तसेच. नकाशावर पट्टी धरून आखलेला सरळ उतार आणि काटकोनातल्या पायऱ्या बांधायला सोप्या असतात, पण निसर्गातली जुनी टेकडी कधी तशी नसते. तिचा माथा किंचित फुगीर असतो, खाली येताना उतार आत घेतलेला असतो, आणि पायथ्याशी तो इतका निवळतो की वाहून आलेली माती तिथेच विसावते. जसजसे खाली यावे तसतसे पाणी वाढते, म्हणून उतार कमी होत गेला पाहिजे. सरळ उतारावर मात्र पाणी पायथ्याशी सर्वांत जास्त आणि उतार तेवढाच, म्हणून घळी तिथूनच कोरल्या जातात आणि वर सरकत जातात. न्यू मेक्सिकोतल्या काही कोळसा खाणींवर अशा नैसर्गिक वळणांच्या, लहान लहान ओढे असलेल्या टेकड्या घडवल्या गेल्या. जर्मनीत हॅम्बाखच्या लिग्नाइट (तपकिरी कोळसा) खाणीशेजारी १९७८ पासून उकरलेल्या मातीतून रचत नेलेली सोफिएनह्योहे ही टेकडी आजूबाजूच्या सपाट मुलखापेक्षा सुमारे दोनशे मीटर उंच आहे आणि तिच्यावर रान वाढले आहे, पायवाटा आहेत.

खड्ड्याचे काय करायचे हा प्रश्न बहुतेक ठिकाणी पाण्यानेच सुटतो, किंवा सुटल्यासारखा वाटतो. खाण चालू असते तोवर पंप रात्रंदिवस भूजल उपसत असतात. पंप थांबले की पाणी आपल्या जुन्या पातळीकडे परत निघते, आणि वर्षानुवर्षे कोरडी राहिलेली भराव-माती पहिल्यांदाच पूर्ण भिजते. पूर्व जर्मनीतल्या लाउझिट्स भागात लिग्नाइटच्या खड्ड्यांचे तलावांत रूपांतर होत आहे आणि त्या कामात हा धडा फार किमतीने शिकावा लागला. तिथला भराव बारीक, एकसारख्या, सैल वाळूचा आहे. अशी वाळू पाण्याने भरली आणि जराशी हादरली की तिचे कण एकदम घट्ट बसू पाहतात; मधल्या पाण्याला निघायला वाट नसते, सगळे वजन पाण्यावर येते, आणि क्षणभरात घन जमीन पातळ होऊन वाहू लागते. १८ जुलै २००९ रोजी नाख्टरश्टेट येथे, लाउझिट्सबाहेरच्या एका जुन्या खाणीच्या भरत असलेल्या तलावात काठाचा मोठा भाग घरांसकट उतरला आणि तीन माणसे गेली. लाउझिट्समध्ये लांबलचक कंप देणारे दांडे वाळूत खोल उतरवून काठ आधीच घट्ट केले जातात. काम संथ आहे, महाग आहे, आणि जमिनीवरून पाहणाऱ्याला त्याचा परिणाम दिसतो तो फक्त थोडा खचलेला पृष्ठभाग.

पाण्याचा दुसरा त्रास मंद आहे. खडकातल्या पायराइटला, म्हणजे लोह आणि गंधक यांच्या खनिजाला, हवा आणि पाणी एकत्र मिळाले की आम्ल तयार होते, ते आणखी धातू विरघळवते, आणि पाझर नारिंगी होऊन वाहतो. माँटानातल्या ब्यूट गावच्या बर्कली पिट या तांब्याच्या खड्ड्यात १९८२ मध्ये पंप थांबवल्यानंतर असेच पाणी साचत गेले. नोव्हेंबर १९९५ मध्ये स्थलांतराच्या वाटेवरचे हिमहंस त्या शांत दिसणाऱ्या पाण्यावर उतरले आणि ३४२ पक्षी मेले. म्हणून ढीग रचतानाच पायराइटवाला खडक ओळखून वेगळा काढायचा, त्याला मधोमध ठेवून चिकणमातीने वेढायचे, म्हणजे त्याला हवा-पाणी मिळणार नाही. चिकणमातीचे तेच वेढण कुठे ठेवले यावर उताराची स्थिरताही ठरते, कारण पाणी तिच्यावर अडले तर आतला दाब वाढतो. पुन्हा तेच पाणी, तीच माती.

अभियंते उताराची सुरक्षितता एका गुणोत्तराने मोजतात: धरून ठेवणारे बल भागिले ओढणारे बल. चालू खाणीत, जिथे भिंत काही वर्षेच उभी राहायची असते आणि रोज कोणी तिच्याकडे पाहत असते, तिथे १.२ ते १.३ पुरेसे मानतात. जी जमीन कायमची परत द्यायची आहे, जिच्यावर उद्या कोणी चालेल, गुरे चरतील, घरही बांधेल, तिथे १.५ धरतात. या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजे पाहणाऱ्या माणसाची अनुपस्थिती आहे. रडार गेलेले असते, प्रिझम काढून नेलेले असतात, नोंदवह्या कपाटात जातात आणि मग कपाटही जाते. लाउझिट्समधला झेनफ्टेनबर्गचा तलाव १९७२ पर्यंत भरून झाला होता आणि त्यानंतर हजारो लोक तिथे पोहायला येत असत. २०१८ मध्ये त्याच्या बेटाचा काठ सरकला आणि तलाव बंद करावा लागला. मधली चाळीसहून अधिक वर्षे सगळे ठीक होते.

खाण बंद करताना जमिनीच्या कागदपत्रांसोबत आणखी काही कागद पुढच्या मालकाला मिळायला हवेत असे मला मनापासून वाटते: कोणत्या झऱ्यावर भराव टाकला, पायराइटवाला खडक कुठे पुरला, कोणत्या भागात माती सैल आहे आणि माथ्यावर कुठे कुठे कधी भेगा पडल्या होत्या त्याचा नकाशा. पिझोमीटरच्या नळ्या उपटून न नेता कुलूप लावून जागेवर ठेवाव्यात, आणि त्यांत पट्टी सोडून आकडा लिहिणाऱ्या माणसाचा पगार खाण बंद करण्याच्या खर्चातच धरलेला असावा. उपसा थांबल्यानंतर पाणी जुन्या पातळीला यायला साधारण किती वर्षे लागतील याचे गणित पंप बंद करण्याआधी मांडता येते. निदान तेवढी वर्षे, आणि त्यानंतरचे काही जोरदार पावसाळे, ही मोजणी चालू राहायला हवी.